बॉनेट उघडायचं नाही

वस्ताद ही बाई आहे, हे नव्या गिऱ्हाइकाच्या गळी उतरायला जरा वेळ लागायचा. तो दारात उभा राहायचा, गाडीखालून बाहेर आलेले पाय बघायचा आणि त्या पायांनाच विचारायचा, वस्ताद कुठे भेटतील. पाय म्हणायचे, भेटलेत, बोला. मूळचे वस्ताद म्हणजे तिचे वडील. ते गेले आणि गॅरेज, पान्यांची पेटी आणि तापट डोकं यांच्यासोबत हे नावही तिच्याकडे आलं. तिने ते बिनतक्रार घेतलं, कारण तिच्या मते ते तिला वडिलांपेक्षा जास्त शोभत होतं.

जुन्या गाड्या हा तिचा प्रांत. नव्या गाड्यांचं नाव काढलं की ती नाक मुरडायची. त्यांचं काही बिघडलं तर त्या स्वतःच पडद्यावर लिहून सांगतात, मग आपण तिथे काय करायचं, नुसतं वाचायचं? जुनी गाडी काही सांगत नाही. ती रुसते. ती का रुसली हे ओळखण्यात वस्तादचा हात धरणारं कोणी नाही हे सगळे मान्य करत, आणि त्या सगळ्यांत वस्ताद पहिली. त्यातून कार्बोरेटर म्हणजे तर तिच्या डाव्या हातचा मळ. हवा आणि पेट्रोल यांचं लग्न लावायचं, एवढंच ते काम, असं ती म्हणायची. हवा जास्त झाली की इंजिन धापा टाकतं, पेट्रोल जास्त झालं की गुदमरतं. आणि तिने लावून दिलेली लग्नं मोडत नसत.

त्यामुळे मोजणीबाईंची गाडी एका सकाळी गॅरेजात आली तेव्हा वस्तादने चहाचा कपही खाली ठेवला नाही. चहा संपेपर्यंत दुखणं सापडेल, असाच तिचा हिशेब होता.

गाडी फिकट हिरवी, गोल दिव्यांची, वयाने वस्तादपेक्षाही थोडी मोठी. बाईंनी ती नोकरी लागल्यावर जुनीच विकत घेतली होती आणि डिकीत मोजणीची साखळी, खुंट्या, झेंड्या टाकून अख्खा मुलूख मापून काढला होता. दोन शेजारी वीतभर जागेसाठी एकमेकांच्या उरावर बसलेले असायचे. बाई यायच्या, आवाज न चढवता साखळी टाकायच्या, खुंटी ठोकायच्या आणि निघून जायच्या. त्या खुंटीला पुन्हा कोणी हात लावत नसे. त्या निवृत्त झाल्या तरी लोकांच्या तोंडी मोजणीबाई हेच नाव राहिलं.

बाईंसोबत त्यांचा मुलगा होता. त्याचं मुलाम्याचं दुकान. नळ, कड्या, जिन्याचे कठडे, खेळात जिंकलेले कप, जे काही त्याच्या दुकानात जाई ते आरसा होऊन बाहेर येई. लोक पाठीमागे त्याला चकाचक म्हणत. त्याला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

तक्रार बाईंनीच सांगितली, मोजून मापून, एकही शब्द वाया न घालवता. गाडी चालते छान. पण कुठे थांबून थोड्या वेळाने परत निघायचं म्हटलं की उठत नाही. सेल्फ घेते, नुसतीच फिरते, पेटत नाही. मग त्या मुलाला फोन करतात. मुलगा हातातलं काम टाकून तासाभराने येतो, किल्ली फिरवतो, आणि गाडी पहिल्या झटक्यात चालू होते. हे एकदा नाही, कितीदा तरी झालंय. आणि परवा तर औषधाच्या दुकानापुढून ती कशीबशी उठली, चार हात गेली आणि भर चौकात बंद पडली. मागून ट्रक येत होता. ट्रकवाल्याने ब्रेक दाबला म्हणून बरं.

हे सांगताना बाईंचा आवाज तसाच राहिला, पण मुलाचा चेहरा उतरला. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर हे सुरू झालं, तेव्हापासून आई थकलीच, असं त्याने हळूच मध्ये घातलं. बाईंनी ते ऐकलं आणि मान हलवली, म्हणजे नोंद घेतली.

"दोनच गोष्टी असतात," बाई वस्तादला म्हणाल्या. "एक तर यंत्र चुकतं, नाहीतर यंत्र वापरणारा. तू यंत्र बघ. यंत्र ठीक निघालं तर चुकणारी मी. मग किल्ली याच्या हातात देईन आणि पुन्हा मागणार नाही. तसं ठरलंय आमचं."

वस्तादने चहाचा शेवटचा घोट घेतला आणि सांगून टाकलं की जुन्या गाडीत ठीक वगैरे काही नसतं, शोधलं की सापडतंच. बाईंनी किल्ली बाकड्यावर ठेवली.

बॉनेट उचललं आणि वस्तादचे डोळेच दिपले. आत इंजिन होतं की लग्नातला भांड्यांचा रुखवत, असा प्रश्न पडावा. झाकणं चमकत होती, नळ्या चमकत होत्या, स्क्रूंची डोकी चमकत होती, कार्बोरेटर ज्यावर बसतो तो खालचा जाड ठोकळासुद्धा लखलखत होता. वस्तादने त्या ठोकळ्यावरून बोट फिरवलं आणि तिच्या तोंडून वाहवा निघून गेली. मुलगा लाजला. ऑपरेशननंतर आईला गाडी चालवायला बरेच दिवस मनाई होती, तेव्हा तिला नकळत एकेक सुटा भाग दुकानात नेऊन त्याने हे सगळं केलं होतं. पट्टी निघाल्यावर तिला बॉनेट उघडून दाखवावं, अशी त्याची इच्छा होती. तिने बघितलं होतं आणि एकेका भागावरून बोट फिरवलं होतं, एवढं त्याने सांगितलं.

मग वस्ताद कामाला लागली. तिची एक रीत होती. पेट्रोल ज्या वाटेने येतं त्याच वाटेने आपण जायचं, मध्येच उडी मारायची नाही. टाकीपासून पंप, पंपापासून जाळी, जाळीपासून कार्बोरेटरची वाटी. पाण्याच्या टाकीत जसा तरंगता गोळा असतो तसा या वाटीत एक फ्लोट तरंगतो. वाटी भरली की तो वर येतो आणि पेट्रोल अडवतो. तो फाटला असेल, अडकत असेल, तर पेट्रोल उतू जातं. फ्लोट धडधाकट निघाला. त्याची सुई नवी असल्यासारखी बसत होती. जेट म्हणजे पेट्रोल जाण्याची सुईएवढी भोकं. ती तिने उजेडापुढे धरून बघितली, त्यांतून आरपार दिसत होतं. गार इंजिनासाठी हवा अडवणारी चोकची पाती पूर्ण उघडत होती, पूर्ण मिटत होती. ठिणगी कडक. तिने सगळं पुन्हा जोडलं, कान लावून मिक्स्चरचा स्क्रू केसभर फिरवला, आणि इंजिन असं गुणगुणायला लागलं की वस्तादला स्वतःचंच कौतुक वाटलं.

मग ती गाडी घेऊन बाहेर पडली. गाडी लोण्यासारखी चालली. इंजिन चांगलं तापल्यावर तिने ती बंद केली, खाली उतरली, सवयीप्रमाणे बॉनेट उचललं, सगळीकडे हात फिरवला, वास घेतला, थोडा वेळ थांबली, बॉनेट लावलं, आत बसली, किल्ली फिरवली. गाडी उठली. चढावर नेऊन तसंच केलं. उठली. दुसऱ्या दिवशी भर उन्हात मुद्दाम रडतखडत गर्दीतून नेली, थांबवली, उतरली, बॉनेट, हात, वास, किल्ली. उठली. तिसऱ्या वेळी तर वस्तादने तिला तोंडावर विचारलं की बये, तुझा त्रास तरी काय आहे. गाडी सुतासारखी सरळ वागत होती.

संध्याकाळी चकाचक एकटाच आला. वस्तादने काही सापडलं नाही हे सांगायचं टाळलं, पण तिच्या तोंडावरूनच त्याला कळलं. त्याला आनंद झाला नाही. तो बाकड्यावर बसला आणि एकेक सांगायला लागला. आईने दूध चुलीवर ठेवलं आणि विसरली, पातेलं जळून गेलं. नळ उघडा राहिला, पाणी जिन्यावर आलं. सुनेला तिने मावशीच्या नावाने हाक मारली, दोनदा. तो हे चहाडी केल्यासारखं सांगत नव्हता. आजाऱ्याची लक्षणं डॉक्टरला सांगावी तसं सांगत होता आणि अशी लक्षणं नाहीतच असं डॉक्टरने म्हणावं याची वाट बघत होता.

"मला किल्ली नकोय हो ताई," तो म्हणाला. "मला ती त्या चौकात नकोय."

तो गेल्यावर तिने पुन्हा एकदा बॉनेट उचललं आणि त्या झगमगाटाकडे बघत राहिली. खरं सांगायचं तर तिच्या मनात पाल चुकचुकली होती. बाई चोक बाहेर ओढूनच ठेवत असतील का? पॅडल दाबत बसून इंजिन पेट्रोलने भिजवत असतील का? माणूस थकतं, त्यात लाज कसली. पण हे तिने तोंडाने म्हटलं की तो निकाल होता. मोजणीबाई निकाल मान्य करणाऱ्यांतल्या होत्या, एकदा दिलेली किल्ली त्या परत मागणार नव्हत्या. वस्तादने आजवर कुणालाही मला माहीत नाही असं सांगितलं नव्हतं, आणि आता नेमकं तेच सांगायची पाळी आली होती, तेही अशा माणसाला की जो त्या शब्दांचा अर्थ तू म्हातारी झालीस असाच लावणार होता.

दुसऱ्या दिवशी बाई पायीच आल्या, छत्री टेकत. मुलाला सांगून आल्या नव्हत्या. स्टूल ओढून बसल्या आणि थेट विषयाला हात घातला.

"यंत्र ठीक आहे ना?"

वस्तादने फडक्याला हात पुसले, पुसलेलेच पुन्हा पुसले. आजवर तरी काही सापडलं नाही, असं ती म्हणाली.

बाईंनी मान डोलावली. मग त्या बोलल्या तेव्हा त्यांचा तो मापाचा आवाज राहिला नव्हता.

"दूध जळलं ते खरं आहे. नळाचंही खरं. सुनेला भलत्याच नावाने हाक मारली, तेही खरं. पण तिथे मी चुकले हे मला कळतं ग, नंतर का होईना. गाडीत काय चुकते ते मला कळतच नाही. चोक आत आहे का बघते. गिअर सुटा आहे का बघते. मग किल्ली फिरवते. आता तर घरी बसल्या बसल्या हेच घोकत असते. तरी चुकत असेन, आणि चुकतेय हेही मला कळत नसेल, तर मला त्याची भीती वाटते. किल्लीचं काय घेऊन बसलीस."

लहानपणी ती याच बाईंच्या गाडीत मागच्या सीटवर झेंड्यांच्या ढिगात बसून वडिलांसोबत गाडीची चाचणी घ्यायला जायची आणि या बाईंना जगातलं सगळं माहीत असतं अशी तिची समजूत होती. ती अजूनही पुरती गेली नव्हती. तिने फडकं फेकलं, बाकड्यावरची किल्ली उचलून बाईंच्या हातात दिली आणि सांगितलं की चला, आज तुम्ही चालवायची आणि मी शेजारी बसणार, तुम्ही नेहमी जाता तिथे जायचं.

बाई नेहमी धाकट्या बहिणीकडे जात. वाटेत वस्ताद डोळ्यांत तेल घालून त्यांचे हात आणि पाय बघत होती. बघण्यासारखं काही नव्हतं. बाई गाडी चालवत होत्या तशी वस्तादला स्वतःला कधी चालवता आली नव्हती. गिअर असा पडे की कळू नये. वळणाच्या आधी वेग उतरे, वळणात हात स्थिर, वळण संपलं की पुन्हा अलगद वेग. चोक आत होता. पॅडलशी उगीच खेळणं नाही. ज्या चौकात ट्रक आला होता तिथे बाईंनी ओठ घट्ट मिटले, पण पाय अडखळला नाही.

बहिणीच्या दारात गाडी थांबली. वस्ताद खाली उतरली आणि तिचा हात आपोआप बॉनेटच्या कडीकडे गेला.

"कुठे?" बाईंनी विचारलं.

एक नजर टाकते, असं वस्ताद म्हणाली.

"नको. परवा तू गाडी घेऊन आमच्या दारावरून गेलीस. कोपऱ्यावर थांबलीस आणि उतरल्या उतरल्या बॉनेट वर. मी खिडकीतून बघत होते. मी कधी उघडते ग बॉनेट? मला तर ते उचलतही नाही. माझी गाडी बघायची आहे ना तुला, मग मी वापरते तशी बघ. मोजणी चालू असताना खुंटीला हात लावायचा नसतो."

जन्मात कोणी वस्तादला बॉनेटपासून लांब राहायला सांगितलं नव्हतं. तिला राग आला. पण बाईंच्या शब्दापुढे जमिनीचे मालक गप्प बसले होते, तिथे वस्ताद कोण. ती निमूट आत गेली.

धाकटी बहीण बोलघेवडी होती. तिने गुडघ्यापासून सुरुवात केली आणि शेजाऱ्यांच्या मुलीच्या लग्नापर्यंत आली. वस्ताद मान डोलवत होती, चहा पीत होती आणि खिडकीतून त्या मिटलेल्या हिरव्या बॉनेटकडे बघत होती. घरात अनोळखी माणूस शिरलाय आणि आपण ओसरीवर बसलोय, तसं तिला झालं होतं. शेवटी बाई उठल्या, निरोप झाले, दोघी गाडीत बसल्या.

बाईंनी चोक बघितला. गिअर बघितला. किल्ली फिरवली. सेल्फ फिरला, फिरत राहिला, आणि गाडी काही पेटली नाही.

बाईंचा हात किल्लीवरच राहिला. त्यांनी वस्तादकडे बघितलं नाही. वस्ताद आधीच दार उघडून खाली उतरली होती आणि वळसा घालून त्यांच्या दाराशी उभी होती. बाई, सरका, मी बघते. तिने स्वतः किल्ली फिरवली. नाही. पॅडल तळापर्यंत दाबून फिरवली. इंजिन एकदा खोकलं, गचकलं आणि मेलं. तिने पुन्हा फिरवली. पुन्हा नाही. तिच्या हातून गाडी उठत नव्हती, तिच्या, वस्तादच्या हातून, आणि आयुष्यात पहिल्यांदाच या गोष्टीचा तिला इतका आनंद झाला की ती मोठ्याने हसली.

"बाई," ती म्हणाली, "माझ्याकडूनही उठत नाही."

त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही.

मग मात्र वस्तादने परवानगी मागितली नाही. बॉनेट वर गेलं आणि गरम हवेचा लोट तिच्या तोंडावर आला, पेट्रोलच्या वासाने डोळे चुरचुरले. तिने कार्बोरेटरला कान लावला. आत खदखदत होतं. वाटीतलं पेट्रोल उकळून वर येत होतं आणि इंजिनच्या घशात सांडत होतं. इंजिन गुदमरणार नाही तर काय करेल? चालू असताना वारा येतो, नवं गार पेट्रोल येत राहतं, तोवर काही होत नाही. गाडी थांबली की वारा बंद, पेट्रोल बंद, आणि खालची सगळी उष्णता वर चढते. मिटलेल्या बॉनेटखाली ती जाणार कुठे? मुलगा तासाभराने येई तोवर सगळं निवून वाळून जाई. आणि वस्ताद, ती तर गाडी थांबल्या थांबल्या बॉनेट उघडून स्वतःच्या हाताने उष्णतेला वाट करून देत होती. दुखणं तिच्यासमोर यायला निघायचं आणि ती दार उघडून त्याला बाहेर घालवायची.

पण जुन्या गाड्यांनाही हे होऊ नये म्हणून सोय असते. उष्णता वर चढलीच कशी? तिने कार्बोरेटरखालच्या त्या लखलखत्या ठोकळ्याला बोट लावलं आणि चटका बसून मागे घेतलं. याच ठोकळ्यावरून बोट फिरवून तिने वाहवा केली होती. तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती सगळी स्वतःवर.

बाई खाली उतरून शेजारी आल्या होत्या. वस्तादने त्यांना सांगितलं.

"तव्याला लाकडी मूठ का असते बाई? हात भाजू नये म्हणून. तसा इथे फायबरचा काळा ठोकळा असतो. दिसायला अगदीच भिकार. खालचं गरम वर जाऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. तो कुणीतरी काढून टाकलाय आणि त्याजागी अॅल्युमिनियमचा बसवलाय. म्हणजे मूठ काढून तिथेही लोखंडच."

बाईंनी ठोकळ्याकडे वाकून बघितलं. कुणीतरी म्हणजे कोण हे विचारायची गरज नव्हती.

"जाडी?" त्यांनी विचारलं.

"तंतोतंत. केसाचाही फरक नाही. म्हणून तर मलाही कळलं नाही."

"जाडीत तो चुकायचा नाही," बाई म्हणाल्या. "माझा मुलगा आहे." आणि थोड्या वेळाने म्हणाल्या की आधी नीट कर, मग त्याला बोलाव, आणि सांगताना हळू सांग, त्याने ते माझ्यासाठी केलं होतं.

गाडी निवल्यावर दोघी गॅरेजात परतल्या. वडिलांच्या अडगळीत, भंगारात निघालेल्या एका गाडीचा फायबरचा ठोकळा होता. वस्तादने तो कानशीने घासून, भोकं जुळवून बसवला. दुपारी तिने आणि बाईंनी मिळून गाडी तापवली, बॉनेट मिटलेलं ठेवून चहा घेतला, किल्ली फिरवली. मग पुन्हा तेच, आणि पुन्हा. वस्तादला पहिल्याच वेळी खात्री पटली होती. बाईंना मोजणी पडताळून बघायची सवय होती.

संध्याकाळी चकाचक स्कूटरवरून आला. आईला तिथे बघून त्याला वाटलं, निकाल लागला. तो हळू आवाजात आईला म्हणाला की तू वाईट वाटून घेऊ नकोस, तुला जिथे जायचं असेल तिथे मी नेईन, दुकान बंद ठेवून नेईन. बाईंनी त्याला बसायला सांगितलं. गाडी दारात उभी होती, नुकतीच फिरून आलेली, बॉनेट मिटलेलं. तिघं बसले. चहा झाला. मग बाई उठल्या, आत बसल्या आणि किल्ली फिरली न फिरली तोच इंजिन चालू झालं.

वस्तादने हळू सांगायचं ठरवलं होतं. तिला हळू सांगता येत नसे. तिने चमकता ठोकळा त्याच्या एका हातात ठेवला, जुनाट काळा दुसऱ्या हातात ठेवला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं, उकळणारं पेट्रोल, मिटलेलं बॉनेट, आणि आपण स्वतःच कसे रोज फसलो तेही. तो ऐकत होता आणि त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरत होता. तो काळा ठोकळा घाणेरडा दिसतो म्हणून त्याने टाकून दिला होता. त्याच्या मापाचा नवा घडवायला त्याला अख्खी सुट्टी लागली होती.

"म्हणजे त्या चौकात," तो म्हणाला आणि थांबला. "आई, तो ट्रक माझ्यामुळे?"

बाईंनी इंजिन बंद केलं आणि गाडीतूनच बोलल्या.

"हो. तुझ्यामुळे."

तो गाडीच्या दाराला धरून खाली बसला, उकिडवा, लहान मुलासारखा. बाईंनी खिडकीतून हात बाहेर काढून त्याच्या डोक्यावर ठेवला.

"तू चुकलास. मग मी तुझं दुकान बंद करायला सांगितलं का? उद्यापासून कशाला हात लावू नकोस म्हटलं का? मी विसरते. पुढे आणखी विसरेन. पण काही बिघडलं की ते माझंच, असं आधीपासून धरून चालू नकोस. आधी शोध. शोधून मीच निघाले तर मला सांग. मी ऐकेन. तू बोललास की मी लगेच मान्य करायला लागले होते, त्याची मला जास्त भीती वाटली."

वस्ताद पाठ फिरवून पाने पेटीत भरत होती. ते पाने तिथे आधीच नीट लावलेले होते.

बऱ्याच वेळाने तो उठला. त्याने गुडघे झटकले, नाक पुसलं. हातातला चमकता ठोकळा कुठे ठेवावा हे त्याला कळेना, म्हणून वस्तादने तो काढून घेतला. मग त्याने आपल्या स्कूटरकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि स्कूटरची किल्ली वस्तादच्या बाकड्यावर ठेवली.

"ताई, स्कूटर आज इथेच राहू दे," तो म्हणाला. मग खिडकीशी वाकला. "आई, मला घरी सोडशील?"

बाईंनी शेजारच्या सीटवरची छत्री उचलून मागे टाकली आणि दाराची कडी आतून उघडली.